सहाव्या चौकटीची सावली

"खिडकीची झडप उघडा," असं ड्रेक्सलने सांगितलं तेव्हा हिस्के रीन्स्त्राला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजपासून आपल्या घरात जर्मन राहणार, या एकाच भीतीने तिचं डोकं भरून गेलं होतं. त्यात झडपेची काळजी करायला जागाच नव्हती. तिने कडी काढली, कालव्याकडची फळी ढकलली. बाहेरच्या बर्फावरून आलेला जानेवारीचा पांढराफटक उजेड आत शिरला आणि बाजूच्या भिंतीवर तिरपा पसरला. हिस्केने सहज वळून भिंतीवरच्या सहा चौकटींकडे पाहिलं.

सहावी चौकट उलटी होती.

ड्रेक्सल हातमोजे काढत भिंत न्याहाळत होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस; वर्कुम गावातल्या घोड्यांच्या चाऱ्याचं कोठार त्याच्या ताब्यात होतं. "काय सुंदर कोरीवकाम," तो म्हणाला. "ओकचं लाकूड का?"

"लाकूड साधं पाईनचं. कोरीवकाम नाहीच आहे, नुसता रंग आहे."

त्याने जवळ जाऊन पहिल्या चौकटीवरून तळहात फिरवला. हाताला सपाट फळी लागली तसा तो लहान पोरासारखा हसला. "फसलो की मी. तुम्ही केलंत हे?"

"मी आणि माझ्या वडिलांनी."

हे पाच चौकटींपुरतं खरं होतं. हिस्के बावीस वर्षांची असताना बापलेकींनी त्या पाच फळ्यांवर ओकचं उठावदार कोरीवकाम रंगवलं होतं. गिऱ्हाइकं यायची, हात लावून बघायची, आणि मग आपल्या घरासाठी काम सांगायची. त्यानंतर हिस्केने देवळांची छतं रंगवली, भिंतीच्या कागदांची आणि फरश्यांची नक्षी काढून दिली, बोटींच्या मागच्या फळ्यांवर सिंह आणि गुलाब काढले. लेउवार्डनपर्यंत तिचं नाव होतं. युद्ध आलं, जर्मन आले, आणि कलावंतांनी त्यांच्या सरकारी मंडळात नाव नोंदवावं असा हुकूम निघाला. नोंदवलं नाही तर काम नाही, तेल नाही, रंग नाही. हिस्केने नाव नोंदवलं नाही. दिराने, सिप्केने विचारलं, "वहिनी, खाणार काय?" तेव्हा ती म्हणाली होती, "बटाटे."

सहावी चौकट मात्र अडीच वर्षांपूर्वीची होती, आणि ती तिने एकटीने केली होती. तिथे पूर्वी भिंतीतला पलंग होता. त्या भागातल्या सगळ्या जुन्या घरांत असतो तसा, कपाटासारखा, दारं लावून आत झोपायचा. हिस्केने दारं काढली, तोंडावर फळी ठोकली आणि फळीवर बाकीच्या पाचांसारखी चौकट रंगवली. आत जायची वाट वरच्या माळ्यावरून होती. आणि ड्रेक्सल हातमोजे खिशात घालत होता त्या घटकेला फळीच्या पलीकडे युडिक बसलेली होती. कोणी परकं आलं की करायची तशी, कापसाची गादी फळीला उभी टेकवून आणि गादीला पाठ लावून, म्हणजे कोणी ठोकलंच तर पोकळ वाजू नये.

युडिक ज्यू होती, लेउवार्डनच्या शाळेत मुलांना गाणं शिकवायची. जर्मनांनी तिचे आईवडील आणि भाऊ गाडीत घालून नेले, त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती म्हणून राहिली. सिप्केने तिला बोटीत, जळणाच्या पीटखाली, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांखाली, झाकून आणलं होतं. ती हिस्केला मावशी म्हणायची.

ड्रेक्सल आपली पेटी आणायला बाहेर गेला आणि हिस्के भिंतीसमोर उभी राहिली. वडिलांनी तिला ब्रश धरायला शिकवलं त्याच दिवशी सांगितलं होतं, पहिल्यांदा खोलीच्या उजेडाला विचार, तू येतोस कुठून. खोटी कड रंगवायची तर तिची सावली खऱ्या खिडकीचं ऐकून पडली पाहिजे, नाहीतर डोळा फसत नाही. पाच चौकटींवर सावल्या उजवीकडे होत्या, कारण खिडकी डावीकडे होती. सहावीच्या सगळ्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या.

कसं झालं ते तिला आता लख्ख आठवलं. ते काम करताना कालव्यावरून जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून तिने ही झडप लावून घेतली होती. उजेड येत होता उजवीकडच्या स्वयंपाकघराच्या दारातून. तिने विचारलंच नाही. हातानेच विचारलं आणि हातानेच ऐकलं. इतकी वर्षं जे बरोबर करत आली ते त्या दिवशीही बरोबरच केलं, फक्त त्या दिवशीच्या उजेडापुरतं. नंतर खोली बंदच राहिली. अडीच वर्षं ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती की असं काम अख्ख्या फ्रीसलँडात कोणाला जमलं नसतं.

त्या रात्री ती झोपली नाही. पुढच्याही रात्री नाही. संध्याकाळी ड्रेक्सल शेगडीपाशी खुर्ची घेऊन बसे, बूट काढून पाय शेकत भिंतीकडे बघत राही. हिस्के त्याला ताकातली लापशी नेऊन द्यायची तेव्हा ताटली ठेवून लगेच मागे सरायची. तो म्हणायचा, "बाई, मी काही चावत नाही." तो खरंच चावत नव्हता. सभ्य होता, दारात पाय पुसायचा, चारा दडवला म्हणून त्याने एका शेतकऱ्याला कॅम्पात धाडलं होतं आणि ते सांगतानाही त्याचा आवाज चढला नव्हता. हिस्केला त्याच्या त्या शांतपणाचीच धास्ती वाटायची.

सिप्के पीट टाकायला आला तेव्हा ड्रेक्सल कोठारावर होता. हिस्केने दिराला खोलीत नेऊन भिंतीसमोर उभं केलं.

"बघ."

त्याने बघितलं. टोपी मागे सारून पुन्हा बघितलं. "काय बघू?"

"सहावी."

"मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

"तुला गाय आणि वासरूपण सारखंच दिसतं. सावली बघ, सावली."

बराच वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. डोळा दुसरीकडे जाईना. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. "वहिनी, तिला इथून हलवू या."

"कशातून? तुझी बोट बर्फात अडकलीय."

"मग ही एक दुरुस्त करा. तुमचा तर हातखंडा आहे."

"आणि सहांपैकी एकच ताजी दिसली की तो काय विचारेल? हिलाच का, हेच ना?"

सिप्के दाराशी जाऊन रस्ता बघून आला, परत आला, आणि पीटच्या रिकाम्या पोत्याची उगाच घडी घालत बसला. त्याच्याकडे बघता बघता हिस्केला सुचलं. सहावीला हात लावायचा नाही. बाकीच्या पाच उलट्या करायच्या.

माळ्यावर जाऊन तिने युडिकला ते सांगितलं. युडिक खालच्या अंधारातून म्हणाली, "म्हणजे मावशी, एक चूक झाकायला पाच चुका?"

"हो."

"तुमच्या वडिलांचं काम आहे ते."

"वडील रागावले तर मी मेल्यावर बघून घेईन."

बोलायला सोपं होतं. खाली आल्यावर पहिल्या चौकटीसमोर ती रडली. कडेच्या एका जागी वडिलांच्या अंगठ्याचा ठसा रंगात राहिला होता आणि त्यावरूनच आता ब्रश फिरवायचा होता.

तेल मिळत नव्हतं, आणि असतं तरी त्याचा वास आठवडाभर गेला नसता. पण या धंद्यात जुने उपाय असतात. ताकात खडू आणि पिवळी माती कालवली की जुनी सावली झाकणारा रंग होतो, आणि शिळ्या बिअरमध्ये तपकिरी माती घोटली की नवी सावली होते. ताक होतं. बिअर फक्त ड्रेक्सलकडे होती.

"जुना रंग मळलाय," ती त्याला म्हणाली. "आता तुम्ही राहताय तर जरा उजळून घेते म्हणते. तुमच्या बाटलीत उरलेली बिअर टाकू नका."

"बाई, तुम्ही पिता?"

"मी नाही. भिंत पिते."

त्याला ते फार आवडलं. आपल्यासाठी खोली सजते आहे या कल्पनेने तो फुलून गेला आणि दुसऱ्या दिवशी अख्खी बाटलीच टेबलावर ठेवून कोठारावर गेला.

हिस्के सकाळी तो गेला की कामाला लागे आणि तो यायच्या आत ब्रश धुऊन टाके. पहिली चौकट उलटली, दुसरी उलटली. खिडकीतून येणारा उजेड तिच्या हाताला सारखा सांगत होता की चूक, चूक, आणि ती दात दाबून सावल्या डावीकडे ओढत होती. सहावीवर शेगडीची काजळी बसली होती. तिला तिने फडकंसुद्धा लावलं नाही. चौथी संपली. आता एकच राहिली, उद्या संपेल, मग तो कितीही बघत बसला तरी चालेल, असं ती पाचवी अर्धी करताना स्वतःला सांगत होती. तेवढ्यात दार वाजलं. वाजवणारा बूट होता.

काळ्या डगल्यांतली तीन माणसं आत आली. जर्मन नव्हती, आपल्याच भाषेत बोलणारी, जर्मनांची चाकरी करणारी. त्यांचा म्होरक्या हुल्स्त नावाचा किडकिडीत माणूस होता, स्नेक गावच्या बाजूचा.

"रीन्स्त्रा बाई? एकटीच राहता?"

"वर ड्रेक्सल साहेब आहेत ना."

"वर की इथे?" तो लगेच म्हणाला, आणि खाट, पेटी, भिंतीवरचा जर्मन डगला यांच्यावरून त्याने नजर फिरवली.

भीतीने माणूस किती मूर्ख होतो ते हिस्केला तेव्हा कळलं; तिने माळ्याकडचंच नाव काढलं होतं. "इथे," ती म्हणाली. "इथेच."

"लोक म्हणतात, तुमच्या घरी बटाटे जास्त सोलले जातात."

"तो जर्मन खातो. त्याला विचारा."

हुल्स्तने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. तो पाचवीपाशी गेला आणि त्याने बोट लावलं. बोटाला तपकिरी रंग लागला. चौथीला लावलं, त्या गारठ्यात तीसुद्धा ओलसर होती. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"पावाला लोणी नाही, आणि बाई भिंत रंगवतायत. काय झाकताय?"

"ड्रेक्सल साहेबांसाठी करतेय."

"कुऱ्हाड आण रे," तो मागच्याला म्हणाला.

पहिला घाव पाचवीवर बसला. फळी उभी चिरली, मागून वीट दिसली. हुल्स्तने विटेवर कुऱ्हाडीचा दांडा ठोकून पाहिला, भरीव होती. मग चौथी. मग तिसरी. फळ्यांचे तुकडे उडत होते, आणि हिस्के मेजाची कड धरून उभी होती. सहावीच्या पलीकडे युडिकला प्रत्येक घाव ऐकू जात असणार. कोणता कुठे बसतोय हे मात्र तिला कळत नसणार. तिच्या तोंडून एक हुंदका निघाला तर संपलं. हिस्केने देवाची प्रार्थना करायचा प्रयत्न केला आणि तिला 'आमच्या बापा' हे रोजचं साधं मागणंही आठवेना.

दुसरी गेली, पहिली गेली. सगळीकडे वीट. हुल्स्तला घाम आला होता. तो सहावीसमोर येऊन उभा राहिला.

तो पुष्कळ वेळ उभा राहिला. हिस्केला वाटलं की ओरडावं, पळावं, त्याच्या अंगावर जावं. ती मेजाची कड धरूनच उभी राहिली. हुल्स्तने सहावीवरून वरपासून खालपर्यंत बोट ओढलं. बोट काळं झालं. त्याने ती काजळी हिस्केच्या एप्रनला पुसली.

"हिला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही," तो वैतागून म्हणाला. मग माणसांना म्हणाला, "चला. फळ्या उचला, जळणाला होतील."

वडिलांच्या पाच चौकटी ते खांद्यावर टाकून घेऊन गेले. हिस्के जमिनीवर बसली. युडिकला "गेले" म्हणून सांगायला माळ्यावर जायचं होतं, पण ती जिना चढली ती अंधार पडायच्या सुमाराला. युडिकने गादीचा कोपरा तोंडात कोंबला होता. तो हिस्केने हळूच सोडवून काढला.

ड्रेक्सल आला आणि त्याने भिंत बघितली. तो भयंकर संतापला. माझ्या खोलीत, मला न विचारता, हे गावठी गुंड! दुसऱ्या दिवशी त्याने कुठे कुठे फोन केले, आणि हुल्स्त पुन्हा त्या घराच्या वाटेला गेला नाही. सिप्के म्हणाला, "वहिनी, घरातला जर्मनच कामाला आला की." हिस्केला हसू आलं नाही. कारण आता खोलीत उघड्या विटांची भिंत होती आणि तिच्या टोकाला एकच चौकट. बघायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

ड्रेक्सल रोज संध्याकाळी तिच्याकडेच बघत बसायचा. आता जुळवून बघायला शेजारी पाच नव्हत्या. फक्त खिडकी होती. एका रविवारी दुपारी, लख्ख ऊन असताना, त्याने हाक मारली. "बाई, जरा इकडे या."

ती हात पुसत आली.

तो खुर्चीत बसून एकदा खिडकीकडे, एकदा चौकटीकडे बघत होता. मान डावीकडे, मान उजवीकडे. "इथे काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "उजेड इकडून येतोय. मग सावली तिकडे पाहिजे. हो ना?"

या दिवसाची हिस्केने इतक्या वेळा उजळणी केली होती, इतकी कारणं रचून ठेवली होती. त्यातलं एकही हाताशी येईना. तो वाट बघत होता. शेवटी तिच्या तोंडून खरं तेच निघालं.

"चूक झाली माझी. ही नंतर केली. त्या दिवशी झडप बंद होती आणि मी स्वयंपाकघरातल्या उजेडाने काम केलं. लक्षातच आलं नाही."

ड्रेक्सलने गुडघ्यावर थाप मारली. "म्हणजे मी बरोबर! लेउवार्डनच्या देवळांची छतं रंगवणारी बाई, आणि तिची चूक मी पकडली. चाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्याने."

"तुम्ही पकडली," हिस्के म्हणाली. तिचे डोळे भरून आले. ते अपमानाने भरले असं तो समजला आणि जरा ओशाळला, "जाऊ दे हो बाई, माणूसच आहात," म्हणाला. त्याला जे शोधायचं होतं ते सापडलं होतं. चौकटीमागे आणखी काही असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

पण इथे तिची सुटका झाली नाही. खरा छळ त्यानंतर सुरू झाला. ड्रेक्सलला आपल्या हुशारीचा फार अभिमान वाटला. कोठारावरचा कारकून आला, त्याला चौकट दाखवली. घोड्यांचा डॉक्टर आला, त्याला दाखवली. एकदा तर लांब डगल्याचा, टोपीवर कवटी असलेला अधिकारी जेवायला आला, त्यालाही हाताला धरून भिंतीपाशी नेलं. "सांगा पाहू, इथे काय चुकलंय?" पाहुणा निरखून बघायचा, वाकायचा, मागे सरायचा. हिस्के हातात बटाट्यांचं भांडं घेऊन दारात उभी. पाहुणा हरला की ड्रेक्सल पुढे व्हायचा, बोटाच्या पेराने फळीवर ठोकायचा, टक टक, आणि म्हणायचा, "चूक इथे आहे." मग सगळे हसायचे आणि वळून हिस्केकडे बघायचे. ती मान खाली घालायची. गादी जागेवर असेल ना, एवढंच तिच्या मनात असायचं.

बर्फ वितळलं तशी सिप्केची बोट मोकळी झाली, पण तोवर सगळ्या पुलांवर पहारे बसले होते. युडिक आतच राहिली. ड्रेक्सल एप्रिलात एका सकाळी कोठाराला आग लावून निघून गेला, जाताना हिस्केशी हात मिळवून गेला. दोन दिवसांनी कॅनेडियन रणगाडे आले आणि रस्त्यावर लोक नाचायला लागले.

हिस्के युडिकचा हात धरून तिला पुढच्या खोलीत घेऊन आली. या खोलीत युडिक आजवर आलीच नव्हती. ड्रेक्सलच्या आधीही नाही, रस्त्यावरून दिसेल म्हणून. ती उजेडात डोळे मिचकावत उभी राहिली, रंग उडालेली, गुडघ्यांत किंचित वाकलेली. विटांची भिंत बघितली. मग चौकट बघितली.

"हीच का ती?"

"हीच. आता सगळ्यात आधी हिची सावली दुरुस्त करते," हिस्के म्हणाली. आनंदाने तिला काही सुचत नव्हतं. बाहेर बँड वाजत होता. बोलता बोलता, ती सावली कुठली ते दाखवायला, तिने बोटाच्या पेराने फळीवर ठोकलं.

युडिक उभ्या जागी खाली बसली, पाठ विटांना घट्ट लावली, आणि आपल्या एप्रनचा कोपरा तोंडात कोंबला.

हिस्के तिच्याजवळ बसली. रणगाडे निघून गेले, बँड थांबला, तरी युडिकची पाठ भिंतीपासून सुटेना. हिस्केने उठून झडप लावली तेव्हा कुठे तिने तोंडातला कपडा काढला. "मला जर्मन कळतं, मावशी," ती म्हणाली. "तो ठोकायचा ते गादीतून पाठीला लागायचं. आणि मग म्हणायचा, चूक इथे आहे. मला दर वेळी वाटायचं, माझ्याबद्दलच सांगतोय."

हिस्केने पुन्हा त्या फळीला ब्रश लावला नाही, आणि बोटही लावलं नाही.